दामूतात्यांची गणपूर्ती

नायगाव स्टेशनाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर ऐन संध्याकाळच्या गर्दीत एक सत्तरीचा माणूस पुढे होतो, डोक्यावरची पांढरी टोपी नीट करतो, घसा खाकरतो आणि खणखणीत आवाजात म्हणतो, "एक वडापाव, सुकी चटनी जास्त, घ्यावा असा ठराव मी मांडतो. अनुमोदक कोन?"

थट्टा नाही! गर्दीतून कोणी अनुमोदन दिल्याशिवाय हा माणूस वडापावाला हात लावत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, याला ऊन लागलंय. पण गाडीवाल्याने मान वर न करताच कढईतला झारा उचलला, "अनुमोदन, तात्या!" म्हणाला आणि वडा पावात घातला. तात्यांनी मग चहूकडे नजर फिरवली. "विरोध? कोनाचाच नाय. ठराव एकमतानं मंजूर." आणि मगच पहिला घास घेतला.

हे आमचे दामूतात्या. दामोदर म्हात्रे. राहायला खाडीकडच्या जुन्या गावात. मी राहते नव्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. त्यांचं गाव आणि आमचा टॉवर यांच्यात एक रस्ता आणि एक नाला एवढंच काय ते अंतर, पण आम्ही टॉवरवाले तो नाला सहसा ओलांडत नाही. भाजीसुद्धा आम्हाला लिफ्टने वर यायला हवी असते. त्यामुळे तात्यांची आणि माझी गाठ पडली ती आरोग्य समितीत.

ही समिती म्हणजे काय, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. आमच्या भागात सरकारी आरोग्य केंद्र आहे. सरकार त्या केंद्राला वर्षाला थोडे पैसे देतं आणि ते कशावर खर्च करायचे हे इथल्याच माणसांनी डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं असतं. फिनेल आणायचं की बाक दुरुस्त करायचा, पाण्याचं यंत्र की पडदे. केंद्र नीट चालतंय की नाही यावर लक्षही ठेवायचं. टॉवरमधून एक बाई हवी होती, आणि मी नेमकी त्या दिवशी कुत्रा चावल्याचं इंजेक्शन घ्यायला केंद्रात गेले होते. डॉक्टरबाईंनी दंडावर सुई टोचता टोचता विचारलं. त्या अवस्थेत माणूस नाही म्हणत नाही.

मला सभांचा मनापासून तिटकारा आहे. मी घरी शिकवण्या घेते. दिवसभर तीस पोरांपुढे घसा फोडल्यावर आणखी कोणाचं ऐकून घ्यायची माझ्यात ताकद उरत नाही. पण दामूतात्यांची पहिली सभा पाहिली आणि मी पुढची सभा कधी आहे ते स्वतःहून विचारलं!

सभा केंद्राच्या पडवीत भरते. तात्या सगळ्यांच्या आधी हजर. आल्या आल्या चपला काढून वजनकाट्यावर चढतात. "माझं वजन मना ठाऊक हाय. काट्याला ठाऊक हाय का, ते बघतो." मग नळ सोडून बघतात, पंखा लावून बघतात, बाकावर बसून डुलून बघतात. मग औषधांच्या कपाटासमोर जाऊन उभे. "डॉक्टरबाय, खोकल्याचं औषध मागल्या सभेच्या टायमाला आलं. आज गावात खोकला हाय आनि कपाटात औषध नाय. या दोघांची भेट झाली, का चुकामूक?"

डॉ. गौरी, आमच्या अध्यक्षा, वयाने तात्यांच्या नातीसारख्या. सुरुवातीला त्या रडकुंडीला यायच्या म्हणे. आता त्या तात्या यायच्या आधी स्वतःच काट्यावर चढून बघतात.

तात्यांचं सभाशास्त्र मात्र केंद्रापुरतं नव्हतं. शेअर रिक्षात तीन प्रवासी भरले की ते ड्रायव्हरला सांगत, "गनपूर्ती झाली, सभा सुरू करा." देवळात आरती झाली की "आभारप्रदर्शनानंतर आरती संपली असं जाहीर करतो" म्हणत. पुतणीच्या लग्नात तर म्हणे त्यांनी कहरच केला. मंगलाष्टकं संपली, भटजी अंतरपाट दूर करणार, एवढ्यात तात्या अक्षता मुठीत धरून उभे राहिले. "कोनाचा विरोध?" अख्खा मांडव चिडीचूप! नवऱ्यामुलाच्या कपाळावर घामाचे थेंब आले. तात्यांनी तीनदा सगळीकडे पाहिलं, "नाय? मग मंजूर!" म्हणून अक्षता टाकल्या, तेव्हा कुठे वाजंत्रीवाल्यांच्या जिवात जीव आला.

मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं की हा माणूस कुठल्या तरी सोसायटीचा निवृत्त सेक्रेटरी असणार. खुर्ची गेली, सवय गेली नाही. अशी माणसं माझ्या पाहण्यात बरीच आहेत.

तर या तात्यांचा एक ठराव होता. एकच. गावात आणि आसपासच्या चाळींत जी माणसं अंथरुणाला खिळून आहेत, केंद्रापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी सिस्टरने दर आठवड्याला फेरी मारावी. प्रेशर बघावं, पाठीला जखमा झाल्यात का बघावं, घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवावं. सिस्टर तयार होत्या. अडत होतं ते रिक्षाभाड्यावर. खाडीकडची घरं लांब, आणि पिशवीभर सामान घेऊन उन्हात किती चालणार? रिक्षाचे पैसे समितीने द्यावेत, एवढंच तात्यांचं मागणं.

इतका साधा ठराव, आणि तो कधीच मंजूर होत नव्हता! कारण? कारण स्वतः तात्या!

समितीत नावं बरीच आहेत, पण येणारे आम्ही सहाच. डॉक्टरबाई, तात्या, मी, घरोघर फिरणारी आशा सेविका मंदा, पापडीकडचे बागायतदार फ्रान्सिसमामा आणि आमच्याच टॉवरमधले सावंत. गणपूर्तीला लागतात सहा. म्हणजे एक उठला की सभा बसली. आणि तात्यांचा नियम असा की मागच्या सभेत तहकूब झालेला विषय सगळ्यात शेवटी घ्यायचा. हा नियम कुठे लिहिलाय, विचारू नका. तात्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. शेवटचा विषय येईपर्यंत फ्रान्सिसमामांना वाडीत पाण्याची मोटर लावायला जायचं असायचं, किंवा सावंतांना ऑफिसचा फोन यायचा. एक खुर्ची रिकामी व्हायची. तात्या उभे राहायचे, बोटाने सगळ्यांना मोजायचे, आणि स्वतःच्याच ठरावाचा गळा स्वतःच्या हाताने दाबायचे. "गनपूर्ती नाय. विषय तहकूब."

"अहो तात्या, आम्हा सगळ्यांना मान्य आहे," डॉक्टरबाई एकदा कळवळून म्हणाल्या. "मंजूर झालं असं लिहून टाकते."

तात्या असे काही बघायला लागले की जणू डॉक्टरबाईंनी कपाटातलं औषध चोरायला सांगितलं. "लिवलं म्हंजे झालं? हात कुठं वर झाले? हात वर झाल्याबिगर कोनाचं मत आपल्याला कसं समजनार?"

मी घरी येऊन भांडी आदळली. चांगलं काम नियमांच्या पायी मरताना मला बघवत नाही. आणि खरं सांगते, तहकूब म्हटल्यावर तात्यांचा चेहरा बघवत नव्हता. टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत बसायचे. पुढच्या सभेला पुन्हा सगळ्यांच्या आधी हजर.

असं करता करता मार्च उजाडला. महिना संपायच्या आत उरलेले पैसे खर्च केले नाहीत तर ते परत जाणार होते. आणि त्याच पैशांवर सावंतांचाही डोळा होता. त्यांना हवा होता टीव्ही.

"मॅडम, वेटिंगमध्ये टीव्ही असला ना, की पेशंट बोअर होत नाहीत," त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं. "हेल्थचे व्हिडिओ दाखवू. एकदम मॉडर्न!" सावंत वाईट माणूस नव्हेत. पण पैसे एकाच कामापुरते होते, आणि टीव्हीचा विषय होता पहिला, तात्यांचा शेवटचा. टीव्ही मंजूर झाला की तात्यांच्या ठरावाला मुहूर्त लागून काही उपयोगच नव्हता.

सभेच्या दिवशी मी शिकवणीला सुट्टी देऊन टाकली. पोरांनी कारण विचारलं. म्हटलं, लढाई आहे!

पडवीत पोहोचले तर सहाच्या सहा हजर. तात्या काट्यावरून उतरत होते. बाहेर लसीकरणाला आलेल्या बायकांची रांग, मांडीवर पोरं, रडारड. डॉक्टरबाईंनी "विषय क्रमांक एक" म्हणताच मी हात वर केला. "माझी उपसूचना आहे! तहकूब विषय आज सगळ्यात आधी घ्यावा!"

सावंत म्हणाले, "असं कसं?" फ्रान्सिसमामा म्हणाले, "असंच पायजे!" डॉक्टरबाईंनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी माझ्याकडे. विषयांचा क्रम मोडायचा, म्हणजे त्यांच्या दृष्टीने विटाळच! पण ते पडले सभाशास्त्राचे गुलाम. उपसूचना रीतसर आली होती. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा बारीक झाला. "अनुमोदक कोन?"

"मी!" मंदा ओरडली. इतक्या जोरात, की रांगेतलं एक रडणारं पोर गप्प झालं.

उपसूचना मंजूर! तात्यांनी टोपी सारखी केली, उभे राहिले, ठराव वाचायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फ्रान्सिसमामा ताडकन उठले. "अरे देवा! मोटर! मी मोटर चालू ठेवून आलो! केळी बुडतील माझी!" आणि धावले की हो स्कूटरकडे!

आता बसून कोण राहतं? मी त्यांच्यामागे धावले. चप्पल एक पायात, एक पडवीत. मामा स्कूटर वळवेपर्यंत मी फाटकाला आडवी झाले आणि कडी घातली.

"बाय, सोड! पानी पार शेजाऱ्याच्या वाडीत जाईल!"

"जाऊ दे! आधी हात वर करा!"

रांगेतल्या बायका आता पोरांना विसरून आमच्याकडे बघत होत्या. मंदा पडवीच्या कठड्यावरून ओरडली, "तात्या, वाचा लवकर!" तात्यांनी एका दमात ठराव वाचला. "सूचक मी. अनुमोदक कोन?" मी फाटकावरून ओरडले, "मी!" तात्यांनी मोजायला बोट उचललं. एक, दोन, तीन. मग ते बोट हवेत थांबलं आणि तात्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मुद्दा असा हाय," ते म्हणाले, "का स्कूटरवर बसलेला सदस्य हजर धरायचा का गैरहजर?"

"तात्या!" आम्ही सगळे एकदम किंचाळलो. डॉक्टरबाईसुद्धा! पण तात्या हलेनात. त्या ठरावासाठी हा माणूस किती सभा झुरला होता, आणि आता घास तोंडाशी आला असताना तो खोटा खायला तयार नव्हता. शेवटी त्यांनीच निवाडा दिला. "दोनी पाय जमिनीला लागलेले असतील तर हजर."

फ्रान्सिसमामा स्कूटरवरून उतरले, दोन्ही पाय धुळीत रोवले, आणि दोन्ही हात वर केले. "एक माझा, एक माझ्या केळींचा!"

राहिले सावंत. त्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ते उठून गेले असते तर गणपूर्ती मोडली असती, टीव्ही नाही तर नाही, पण फेरीही नाही. ते उठले नाहीत. "मी तटस्थ," ते म्हणाले. "पण मी इथे आहे, हे लिहा." त्या दिवसापासून सावंत मला आवडायला लागले.

"ठराव मंजूर!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. मी कडी काढली, मामा धूळ उडवत गेले, मंदाने मला मिठी मारली. मला वाटलं तात्या आता आभारप्रदर्शनाचं लांबलचक भाषण ठोकणार. पण ते नुसते खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

मग मंदा फेरीची घरं सांगायला लागली. चाळीतली आजी, तळ्याकाठचा मोडलेल्या कमरेचा सुतार, अशी एकेक. शेवटी ती म्हणाली, "आणि तात्या, तुमचं..."

"विषयाबाहेर!" तात्या कडाडले. पेला खाली ठेवला आणि निघून गेले. मला वाटलं, स्वारीला मान द्यायला विसरलो कुठेतरी.

पहिल्या फेरीला मी मुद्दाम गेले. ज्या ठरावासाठी कडी घातली तो चालतो कसा, ते बघायला नको? रिक्षात सिस्टर, मंदा आणि मी. गणपूर्ती झाली, म्हणून आम्ही हसलोसुद्धा. सिस्टरने घरोघरी प्रेशर बघितलं, सुनांना कूस बदलायला शिकवलं. सुतारदादा तर सिस्टर येणार म्हणून दाढी करून बसले होते. सगळी घरं झाली. परत फिरायचं, तर मंदाने ड्रायव्हरला सांगितलं, "खाडीकडे घे."

"आता कोणाकडे?" मी विचारलं.

"चला तर."

खाडीच्या बांधाला लागून एक कौलारू घर. बाहेर मासळी सुकवायचा मांडव, तो रिकामा. आम्ही पायरीपर्यंत पोहोचलो आणि आतून ओळखीचा खणखणीत आवाज आला.

"आज दुपारला पेज करावी असा ठराव मी मांडतो. का मऊ भात? भाताच्या बाजूनं? नाय? मग पेजेच्या बाजूनं हात वर करा."

मी खिडकीतून पाहिलं. पलंगावर एक बाई उशीला टेकून बसवलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. तिने डावा हात हळूहळू वर केला. समोर चुलीपाशी पातेलं घेऊन तात्या उभे होते, टोपी नीट घातलेली. "पेज एकमतानं मंजूर," ते म्हणाले. "चटनी खोबऱ्याची, का सुकटीची? सुकटीच्या बाजूनं?" तो हात लगेच पुन्हा वर! आणि बाई अर्ध्या तोंडाने हसली.

मंदाने मला बाजूला ओढलं. "जनाकाकी. अर्धांगवायू. वाचा गेली तिची. सगळ्या गावाला माहीत आहे, तुम्ही टॉवरवाले, तुम्हाला कुठून कळणार?"

"आणि तात्या सेक्रेटरी होते ना कुठल्या सोसायटीत?"

"कसले सेक्रेटरी! मिठागरावर मुकादम होते. घरात पण मुकादमच. भाजी कुठली, पोरीला स्थळ कुठलं, काकीला कधी विचारलं नाय. ती पडली तेव्हा पण ओरडायचे, सांग ना काय पाहिजे, सांग ना! ती नुसती रडायची, हे बाहेर येऊन रडायचे. पोरगी तिकडे गुजरातेत, ती किती धावणार?" मंदाने पदराने नाक पुसलं. "मग त्यांना समितीत घेतलं. पहिल्याच सभेत डॉक्टरबाई म्हणाल्या, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. मी त्यांच्या बाजूलाच होते. तात्या सगळ्यांच्या हातांकडे बघतच राहिले. सभा अर्धी टाकून घरी पळाले. तेव्हापासून हे असं."

त्या वडापावच्या गाडीवर मी केवढी हसले होते!

तेवढ्यात तात्या दारात आले. आम्हाला बघून त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. "इथं कुठं? हे घर फेरीत नाय."

"अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे ना घरात?" सिस्टर म्हणाल्या.

"सूचक मी हाय. सूचकानं सोताच्याच घरासाठी ठराव आनला, असं लोक म्हनतील. ज्याचा ठराव त्याचा फायदा, हे चालत नाय." आणि मग एकदम मऊ आवाजात, "मी करतो ना तिचं. कूस बदलतो. पाठीला एक जखम झालीय, ती तेवढी..."

मला राग आला. तात्यांचा नाही, कोणाचा ते आजही सांगता येणार नाही. मी त्यांना ओलांडून सरळ आत गेले आणि पलंगापाशी उभी राहिले. "काकी, मी समितीतली. घरची सभा चालू आहे ना? मग माझा एक ठराव घ्या. सिस्टरने दर फेरीला या घरी यावं, आणि पहिलं याच घरी यावं. सूचक मी. अनुमोदक कोण?"

जनाकाकींनी माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या नवऱ्याकडे. आणि डावा हात वर केला. पेजेला केला त्याहून वर, कोपर ताठ करून.

"विरोध?" मी विचारलं.

तात्या दाराची चौकट धरून उभे राहिले. काकींचा हात थरथरायला लागला, पण त्या तो खाली घेईनात. नवऱ्याकडे रोखून बघत होत्या. मंदा कुजबुजली, "तात्या, हात दुखेल तिचा. मंजूर म्हणा ना!"

तात्यांनी तोंड उघडलं. गावभर मंजूर म्हणत फिरणाऱ्या त्या माणसाच्या घशातून शब्दच फुटेना. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, बायकोकडे बघत राहिले, आणि हळूहळू आपला हात वर केला.